मास्टर बेडरूममधलं झुडूप

दुबईतल्या करामा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मास्टर बेडरूम दोन झुडपांना दिलेली होती. बरोबर वाचलंत, झुडपांनाच. माणूस हॉलमध्ये दिवाणावर झोपायचा आणि झुडपं अटॅच्ड बाथरूमच्या खोलीत चोवीस तास एसी लावून राहायची. जिथे लोक हॉलला पडदा लावून दोन बिऱ्हाडं करतात, बाल्कनी बंद करून बेडस्पेस भाड्याने देतात, तिथे हा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारच. बिल्डिंगमध्ये त्यांना 'झाडवाले सर' म्हणायचे. आम्ही नुसतं सर म्हणायचो. दुबईत मी मोठ्या गाड्यांमधली, मोठ्या हुद्द्यांवरची पुष्कळ माणसं पाहिली. पण 'मी यांच्या शेजारी राहत होते' असं मान ताठ करून सांगावं असा माणूस मला एवढा एकच भेटला.

आम्ही तिथे राहायला आलो ते ऐन ऑगस्टमध्ये. सामान लावताना हातोडी सापडेना म्हणून मी समोरची बेल वाजवली. बाहेर ऊन आग ओकत होतं, जिन्यात एसी नाही, कुर्ता अंगाला चिकटलेला. दार उघडलं तर समोर कानटोपी, मफलर आणि हाताने विणलेला स्वेटर घातलेला माणूस. मी दोन पावलं मागेच सरकले. वाटलं, याला हुडहुडी भरलीय, मलेरिया-बिलेरिया झालेला दिसतोय. तो घाईघाईने म्हणाला, "यायचं तर पटकन या, नाहीतर पटकन जा. आत ढग आलाय." आणि खरंच, त्याच्या मागच्या खोलीतून पांढरं धुकं हॉलमध्ये येत होतं. मी हातोडी न मागताच परत आले आणि नवऱ्याला सांगितलं, समोर वेडा राहतो. नवरा म्हणाला, इथे सगळेच वेडे आहेत, हातोडी मिळाली का?

सर वसईचे, कॅथलिक. एका इंडियन स्कूलमध्ये बायोलॉजी शिकवायचे. पत्नी इथे नर्स होती, ती रिटायर होऊन वसईला परत गेली होती. दर हिवाळ्यात ती महिनाभर यायची, हॉलमध्ये गादी टाकून झोपायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या सवतींना बेडरूम आहे, मला नाही." सर तेवढ्यात सवतींना पाणी घालायला आत जायचे. अंगाने किडकिडीत, चालणं भरभर, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या मध्ये डोळ्यांच्या मेकअपचा एक बारीक ब्रश. तो ब्रश त्यांनी करामामधल्याच एका कॉस्मेटिक्सच्या दुकानातून घेतला होता. दुकानातल्या फिलिपिनो मुलीने विचारलं, मॅडमचा रंग कसा आहे? सरांनी सांगितलं, जांभळा. तिने घाईघाईने बिल केलं म्हणे.

त्या झुडपांचं नाव आयोक्रोमा. ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ जांभळा रंग, एवढं मला आता झोपेतही सांगता येतं. इक्वाडोरमध्ये अँडीजच्या उतारावर, जिथे दुपार झाली की ढग झाडीत उतरतो, तिथे ती रानात उगवतात. म्हणून अठरावर एसी, म्हणून ड्रॅगन मार्ट या चिनी बाजारातून आणलेली वाफेची मशीनं, म्हणून दुपारचा तो ढग. सरांनी स्वतः अँडीज कधी पाहिला नव्हता. पण त्या डोंगरावर सकाळी ऊन कुठल्या बाजूने येतं, माती कशी भुसभुशीत काळी असते, पाऊस थांबल्यावरही पानांतून किती वेळ पाणी ठिबकतं, हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मागच्याच शुक्रवारी जाऊन आलेत.

कुळाचा त्यांना फार अभिमान. झुडपाच्या कुळाचा, स्वतःच्या नव्हे. "वांग्याचं घराणं आहे हो," म्हणायचे. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, धोत्रा, तंबाखू, सगळे भाऊबंद. आमच्याकडे जेवायला आले आणि ताटात भरलं वांगं, बटाट्याच्या काचऱ्या, टोमॅटोचं सार असलं की हात जोडायचे आणि म्हणायचे, आज अख्खं खानदान पंगतीला बसलंय. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे उभे राहिले की आजूबाजूच्या पोरांना सांगायचे, यातला बटाटा अँडीजचा, मिरची तिकडचीच, आपला म्हणावा तर फक्त भूक. पोरं हसायची, पण ऐकायची.

एकदा सुपरमार्केटमध्ये मी त्यांच्याबरोबर होते. फळांच्या फडताळात कोलंबियाहून आलेली रसभरी होती, त्या कागदी पिशवीसारख्या आवरणातली, प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात घातलेली. सरांनी डबा उचलला आणि तिथल्या सेल्समनला, शिकवायला उभे राहावं तसे उभे राहून, सांगितलं की हिची मावशी माझ्या बेडरूममध्ये राहते. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, खरं आहे, मी पाहिलीय. मला तेव्हा जराही लाज वाटली नाही, आणि हे माझं मलाच नवल वाटलं. वर्षभरापूर्वी मी दुसऱ्या काउंटरवर निघून गेले असते.

पांढऱ्या माशीशी मात्र त्यांचं हाडवैर. ही माशी या झुडपावर तुटून पडते. त्यामुळे त्यांच्या घरी जायचं म्हणजे इमिग्रेशनमधून जाण्यासारखं. हातात मेथी असेल, कोथिंबीर असेल, टोमॅटो असतील, तर पिशवी जिन्यातच ठेवायची. कपडे झटकायचे. मग कानटोपी मिळायची. झुडपाचं पान चुरगळलं तर बटाट्याच्या पाल्यासारखा वास येतो, पण चुरगळायचं नाही, आणि चुकून हात लागलाच तर साबणाने धुवायचे, कारण झुडूप मुळापासून फळापर्यंत विषारी. खोलीच्या दारावर मराठी, हिंदी, इंग्लिश आणि अरबी अशा चार भाषांत लिहिलं होतं, 'विषारी आहे, हात लावू नये.' माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती आत जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायची आणि बाहेर आली की म्हणायची, "आय डिडन्ट ईव्हन ब्रीद, सर."

दोन झुडपांपैकी एक छताला टेकलेलं, ती थोरली. दुसरं माझ्या खांद्याएवढं, ती धाकटी. थोरली दर वर्षी फुलायची. करंगळीएवढ्या लांब नळ्यांसारखी गडद जांभळी फुलं, घोसाने खाली लोंबणारी. वास अजिबात नाही. तिकडे डोंगरात हमिंगबर्ड नावाचा चिमुकला पक्षी येऊन नळीत चोच घालतो, त्याला वासाशी काही देणंघेणं नाही, रंग दिसला की पुरे. इथे तो पक्षी नाही, म्हणून पक्ष्याचं काम सरांनी ब्रशने करायचं. पण थोरली नुसती फुलून उपयोग नव्हता. ती स्वतःचे पराग स्वतः घेत नाही. सर म्हणायचे, "सगोत्र चालत नाही तिला. वेगळ्या झाडाचाच पराग लागतो, आणि अख्ख्या अरबस्तानात स्थळ एकच, ही धाकटी." आणि धाकटी फुलायचं नावच घेत नव्हती. सर रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तिच्यापुढे उभे राहून विचारायचे, काय गं, काय ठरलं? मी दाराबाहेरून ऐकलेलं आहे.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हीही म्हणाल, वेडाच आहे. ही बियाणी सरांना इक्वाडोरमधल्या एका बागेत काम करणाऱ्या बाईंनी रीतसर कागदपत्रं करून पाठवली होती. एकाच उतारावरच्या दोन वेगवेगळ्या झुडपांची. पुढे त्या उतारावरून रस्ता गेला. पावसात उरलेला डोंगरही खाली आला. बाईंच्या बागेतली त्या उतारावरची रोपं कसल्याशा रोगाने गेली. आयोक्रोमा दुसरीकडे आहेत, पण त्या उतारावरची, त्या रक्ताची म्हणावी अशी जगात दोनच उरली, आणि ती करामामध्ये, दुसऱ्या मजल्यावर, अटॅच्ड बाथरूमच्या खोलीत. बाईंनी सरांना लिहिलं होतं, बी धरता आलं तर आम्हाला परत द्या, आम्ही डोंगरावर पुन्हा लावू.

आणि सर रिटायर होत होते. नाताळच्या सुट्टीपर्यंत नोकरी, मग व्हिसा खलास, मग वसई. मुळं-मातीसकट झुडपं विमानातून नेता येत नाहीत. सरांनी इथल्या काही बागांना विचारून पाहिलं. त्यांनी विष आणि पांढरी माशी हे दोन शब्द ऐकले आणि नम्रपणे नाही म्हटलं. म्हणजे डिसेंबरच्या आत पिकलेलं बी हातात आलं तर आलं. नाहीतर अठरा डिग्रीचा एसी बंद होणार, आणि दुबईच्या पहिल्या गरम आठवड्यात तो अख्खा उतार पुसला जाणार.

त्या वर्षी गणपतीच्या आधी थोडे दिवस धाकटीला कळ्या आल्या.

सर जिन्यात भेटले ते धावतच आले. मला हाताला धरून आत नेलं, कानटोपी द्यायलाही विसरले. खालच्या फांद्यांना हिरव्या-जांभळ्या कळ्यांचे घोस लागले होते. थोरली तर फुललेलीच होती. फुलं उमलायची, मग परागकोश उकलायचे, मग ब्रश. सर रोज भिंग घेऊन बघायचे. चतुर्थीच्या दिवशी सकाळी ते शाळेला निघाले ते चर्चला जायचा इस्त्रीचा शर्ट घालून. लिफ्टमध्ये माझ्या नवऱ्याला म्हणाले, आज संध्याकाळी लग्न आहे. नवऱ्याला वाटलं, शाळेतल्या कोणाचं तरी असेल. त्याने शुभेच्छा दिल्या.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. त्या वर्षी माझ्या सासूबाई डोंबिवलीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो, आणि आई म्हणजे सगळं कडक. मोदकाला पाकळ्या मोजून, दूर्वा निवडून, सोवळं नेसून. आणि नेमका फुलांचा घोळ झाला. बर दुबई भागातल्या फुलांच्या गल्लीत नवरा दोन चकरा मारून आला, जास्वंद नाही, शेवंती काळी पडलेली, माल विमानतळावर अडकलाय म्हणे, उद्या येईल इन्शाल्ला. आईंचा चेहरा उतरला. बाप्पाला रिकाम्या मस्तकाने बसवायचं हे त्यांना सहनच होईना.

सरांची किल्ली आमच्याकडे असायची, एसीसाठी. जुनी बिल्डिंग, जुने एसी, केव्हा मान टाकतील नेम नाही. दुपारी कोणीतरी जाऊन बघायचं आणि सरांना मेसेज करायचा, असा रिवाज होता. त्या दिवशी मी उकडीत हात घालून बसले होते, म्हणून आई गेल्या. एसी चालू होता. आणि समोर हाताला येईल अशा उंचीवर ती जांभळ्या फुलांची लोंबती झुंबरं. दारावरची पाटी आईंनी वाचली होती. मराठीतच होती की. पण त्यांचा हिशेब सरळ होता: विषारी तर विषारी, महादेवाला आपण धोत्रा वाहतोच, मग त्याच्या मुलाला का चालू नये? थोरलीचे घोस उंच होते, तिथे हात पोचला नाही. धाकटीची मात्र झाडून सगळी फुलं त्यांनी परडीत घेतली. एक कळीसुद्धा ठेवली नाही.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा पूजा झालेली होती. बाप्पाच्या मुकुटावर, सोंडेवर, चारी हातांत, पायाशी, सगळीकडे ती जांभळी फुलं. मूर्ती इतकी देखणी दिसत होती की आधी माझ्या तोंडून 'अगंबाई' एवढंच निघालं. मग ती फुलं कुठली ते ध्यानात आलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सर. धाकटीला पाहूनच आले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कानटोपी तशीच. आरतीला बिल्डिंगमधली मंडळी जमलेली, कोणी टाळ शोधतंय, कोणी घंटा. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "फुलं कुठं आहेत?" मी काही बोलण्याआधी आईच पुढे झाल्या. मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, सर, तुमची फुलं बाप्पाला वाहिली हो, पुण्य तुमच्या पदरात. सरांनी मान उचलून मूर्तीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि मला वाटलं, आता हा माणूस एकतर ओरडेल, नाहीतर इथेच कोसळेल.

मीच आईंना सांगितलं, तुटक तुटक, की ते कशाची वाट पाहत होते, आणि डिसेंबरला काय होणार होतं. आई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "अरे देवा. मग काढून घ्या ना, आत्ता काढून घ्या." आणि लगेच स्वतःच पुढे केलेला हात मागे घेतला. वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशीच्या पूजेआधी उचलायचं नाही, हे त्यांच्या हाडामांसात होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सर खाली वाकले. मला प्रत्येक शब्द आठवतो.

"मावशी, रडू नका. आमच्या आज्याने जन्मभर वसईत फुलं पिकवली आणि दादरला पाठवली. ती सगळी तुमच्याच देवांसाठी तोडलेली. त्या फुलांवर आम्ही शिकलो, मी मास्तर झालो. मी कुठल्या तोंडाने रागावू? आणि ती फुलं काढायचीही नाहीत. बाप्पाकडेच राहू देत. मला फक्त जरा जवळ बसू द्या."

त्यांनी बूट काढले, बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले, कानटोपीची गरज इथे नसूनही ती नीट सारखी केली, बहुधा देवापुढे डोकं झाकलेलं बरं म्हणून. खिशातून चष्मा काढला, भिंग काढलं, ब्रश काढला. मला म्हणाले, एक कोरडी, स्वच्छ वाटी द्या, पाण्याचा थेंब नको. मी कुंकवाची नवी चांदीची वाटी दिली. मग ते पाटासमोर गुडघ्यांवर बसले आणि मूर्तीच्या मुकुटावरच्या पहिल्या फुलाच्या तोंडाशी त्यांनी भिंग धरलं. सर म्हणाले, "परागकोश उकललेत. दुपारीच उकललेत. पंखा बंद करा."

पंखा बंद, एसी बंद, कारण वाऱ्याने पराग उडेल. सप्टेंबरमधलं करामा, एका हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं आणि समया. घामाच्या धारा लागल्या, पण एकही माणूस हलला नाही. एक गुजराती काकी निरांजन घेऊन पुढे सरकल्या तशा आई ताडकन उठल्या. डोळे पुसले, पदर खोचला आणि हुकूम सोडला की कापूर लांब धरा, अक्षता कोणी टाकायच्या नाहीत, मी सांगेपर्यंत कोणी पुढे यायचं नाही. आरती मात्र सुरू करा. आणि आरती सुरू झाली. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची, विठ्ठलाची, दत्ताची. एक संपत आली की आई पुढची उचलायच्या. सर मान वर न करता एकेका फुलात ब्रश फिरवत होते, फूल जराही न हलवता, आणि वाटीत पांढुरकी, पिठासारखी भुकटी झटकत होते. सोंडेवरची फुलं, हातातली फुलं. पायाशी पोचायला त्यांना पार जमिनीला डोकं टेकावं लागलं. दारात नव्याने आलेल्या एका पाहुण्याने माझ्या कानात विचारलं, हे कोण हो एवढे भाविक? मी म्हटलं, आमचे शेजारी आहेत.

आईंना माहीत असलेल्या सगळ्या आरत्या संपल्या, तेव्हा त्यांनी गावाकडच्या देवीची एक आरती काढली, जी आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. त्यांनी ती एकटीने म्हटली. सर मध्येच टाळ्यांचा ठेका धरल्यासारखी मान हलवत होते. शेवटी त्यांनी वाटीवर तळहात धरला आणि उठले. आई पुढे, जिन्यातून माणसं बाजूला करत, सर मागे, वाटी जपत. खोलीत गेल्यावर सर स्टुलावर चढले आणि थोरलीच्या एकेका फुलाच्या कुक्षीला, म्हणजे पराग घेणाऱ्या टोकाला, पराग लावत गेले. शेवटचा घोस उरला तेव्हा ते खाली उतरले, फांदी वाकवून धरली आणि ब्रश आईंच्या हातात दिला. आई म्हणाल्या, माझ्या हाताने नको, माझा हात आज चांगला नाही. सर म्हणाले, "स्थळ आणलं कोणी? मग लग्नही तुम्हीच लावा." आईंनी लावलं. अगदी बरोबर लावलं. मग दोघांनी साबणाने हात धुतले.

नंतरचे आठवडे कसे गेले ते विचारू नका. फुलं गळायला लागली. आधी एक, मग मूठमूठभर. सर ती उचलून बाजूला ठेवायचे. आईंनी व्हिजिट व्हिसा वाढवून घेतला. माझा नवरा म्हणाला, अगं गणपती झाले, दिवाळीला घरी जायचं होतं ना तुला? आई म्हणाल्या, मी माझ्या कामासाठी थांबलेय. रोज सकाळी कानटोपी आणि शाल घेऊन त्या थोरलीसमोर खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसायच्या. आणि मग एका सकाळी जिन्यातून आईंची हाक ऐकू आली. काही फुलं गळली होती, पण त्यांच्यामागचं हिरवं आवरण देठाला तसंच होतं आणि फुगत होतं. रसभरीसारखंच, आत फळ धरून. सरांनी भिंगातून पाहिलं आणि आईंना नमस्कार केला, वाकून. वसईचा कॅथलिक मास्तर आणि डोंबिवलीच्या सोवळ्यातल्या माझ्या सासूबाई, दोघंही त्या थंडगार खोलीत ढगात उभे होते आणि हसत होते. मी तो दिवस जन्मात विसरणार नाही.

फळं डिसेंबरच्या सुरुवातीला पिकली. मोठी नव्हती, बोरापेक्षा लहान. बी कसं काढायचं यावर दोघांचा थोडा वाद झाला, कारण आईंनी लहानपणी वांग्याचं बी धरलेलं होतं आणि त्यांची मतं पक्की होती. शेवटी दोघांनी हातमोजे घालून पाण्यात कुस्करलं, तळाशी बसलेलं बी कागदावर सावलीत वाळवलं. सरांनी कागदपत्रांसाठी सरकारी ऑफिसात खेटे घातले, शिक्के घेतले आणि ते पाकीट एक दिवस खरोखरच निघालं. तिकडून पोच आली. त्याच आठवड्यात सरांनी थोरली आणि धाकटीची एकेक फांदी शाळेच्या लॅबसाठी दाबून वाळवली. मग जायच्या आदल्या दिवशी दार लावून घेतलं आणि दोन्ही झुडपं स्वतःच्या हाताने बुडापासून कापली. मला म्हणाले, गरमीत मरायला सोडणार नाही. एसी त्यांनीच बंद केला. मी एवढी वर्षं तो आवाज ऐकत होते, तो थांबला तेव्हा जिना एकदम मोठा वाटायला लागला.

एअरपोर्टवर त्यांच्या सामानात कानटोपी होती आणि दुसरं विशेष काही नव्हतं. इतकी वर्षं गल्फमध्ये राहून माणसं टीव्ही नेतात, सोनं नेतात, घर बांधतात. शाळेतला एक सहकारी मला म्हणाला, सरांनी इथे काही कमावलं नाही. मी त्याला तिथेच सुनावलं की तुम्हाला कळलं नाही एवढंच, उगाच बोलू नका. नवऱ्याने माझा दंड धरला, पण मी बोलून घेतलं.

फेब्रुवारीत मी ऑफिसमध्ये असताना वसईहून फोन आला. सर तीनदा नुसतं 'हॅलो' म्हणाले. मी घाबरले, म्हटलं, सर, तब्येत बरी ना? मग म्हणाले, "उगवली. इक्वाडोरच्या बाईंनी फोटो पाठवलाय. पुढच्या पावसात डोंगरावर लावणार आहेत. मावशींना आधी सांगितलं, आता तुम्हाला." मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी डोळे पुसत बॉसकडे गेले आणि हाफ डे मागितला. त्याने विचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हटलं, उत्तम आहे.

येताना मी पेढे घेतले आणि बिल्डिंगमध्ये दारोदार वाटले. सरांच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता दोन बिऱ्हाडं होती, त्यांनाही दिले. शेवटी खालच्या ग्रोसरीत गेले. तिथला भाई केरळातल्या कासारगोडचा. तरुणपणी आला तो इथेच राहिला, बायकोमुलं गावाकडे, दोन वर्षांतून एकदा जाणं. पेढ्यांचा डबा पाहून त्याचा चेहरा खुलला.

"भाभी, लडका हुआ की लडकी?"

मी म्हटलं, "पौधा. वो झाडवाले सर का पौधा. अपने पहाड पे वापस गया और उग गया."

त्याने एक पेढा उचलला, तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला. मग हळूच विचारलं, "सच में? घर पहुँच गया?"

मी मान हलवली. त्याने तो पेढा खाल्ला. मग न विचारता दुसरा घेतला, मग तिसरा. मी अख्खा डबाच त्याच्या काउंटरवर ठेवून वर आले.